मंडप इथे, मुतारी कुठे?

जुन्नर तालुका 2018 साली पर्यटन तालुका झाला. म्हणजे शासनाने तसं जाहीर केलं. त्याआधीही शिवनेरी जागेवरच होता, ओझर-लेण्याद्रीचे गणपती नवसाला पावत होते, नाणेघाटात वारा होता आणि पंचांगातला एकही पंधरवडा कोरडा जाऊ न देणाऱ्या जत्रा होत्या. फक्त या सगळ्यांची मिळून एक फाइल झालेली नव्हती. ती झाली आणि तेव्हापासून आमच्याकडे एक नवा सण रुजला. त्याचं नाव महोत्सव. हा सण तिथीवर चालत नाही, तारखेवरही चालत नाही. निधीवर चालतो. म्हणून शक्यतो 31 मार्चच्या अलीकडेच उरकतो.

शेजारच्या आंबेगावची गंमत निराळी. भीमाशंकरचं देऊळ खेड तालुक्यात आणि तिथे जाणारा मोठा रस्ता आंबेगावात. त्यामुळे महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी पुण्य खेडच्या खात्यावर जमा होतं आणि मंचर-घोडेगावच्या वाट्याला हॉर्न येतात.

आता जरा जत्रेकडे वळू. इथल्या हंगामाची सुरुवात पाहायची तर गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावला यावं. रस्त्याच्या कडेला राहुट्या लागलेल्या असतात. प्रत्येक राहुटीवर तमाशाच्या फडाचं नाव, मालकाचा किंवा मालकिणीचा फोटो, खाली मोबाइल नंबर. आत एक टेबल, चार खुर्च्या आणि एक कॅलेंडर. सगळा खेळ त्या कॅलेंडरचा. गावोगावचे जत्रेचे कारभारी जीप करून येतात. सहा जण उतरतात, बोलतो एकच. बाकीचे पाच जण लाइट किती, वग कोणता, नाचणाऱ्या पोरी किती, याची चौकशी अशा चेहऱ्याने करतात, जणू मुलगी बघायला आलेत.

"तारीख?"

"कालाष्टमी."

मालक कॅलेंडरकडे बघतो, मग राहुटीच्या छताकडे. "कालाष्टमीला चार गावं थांबलीत, पाटील."

"थांबली असतील. इसार दिलाय का कुणी?"

इथून पुढे चहा येतो. चैत्रातल्या कालाष्टमीला भैरवनाथाच्या जत्रा ढिगाने, म्हणून त्या तिथीचा भाव वेगळा. आडव्या-तिडव्या तिथीला जत्रा असलेल्या गावाला तोच फड स्वस्तात मिळतो. मागणी-पुरवठ्याचा हा धडा एमबीएच्या पोरांना इथे राहुटीत बसवून शिकवला तर फी वाचेल. 2020 साली पाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवशी सगळा देश कुलूपबंद झाला. फडांचं अख्खं वर्ष एका सकाळी बुडालं. ट्रक जागेवर, तंबू गुंडाळलेले, कलावंत घरी. त्या काळात त्यांची आठवण काढायला कुठला महोत्सव आला नाही. बरोबर आहे, निधी नव्हता.

पर्यटनाच्या माहितीपत्रकात लेणी असतात, धबधबे असतात, माळशेजचे फ्लेमिंगो असतात (ते स्वतः येवोत न येवोत, पत्रकात नेमाने येतात). राहुट्या मात्र आम्हाला एकाही पत्रकात दिसल्या नाहीत. तमाशा म्हटलं की साहेबांना घरी सांगायची अडचण होत असावी. हे विठाबाई नारायणगावकरांचं गाव. विठाबाईंना राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव मिळाला आणि 2002 साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना हात पसरावे लागले. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. जीव गेला की गौरव येतो, हा क्रम आपल्याकडे सहसा चुकत नाही.

जत्रेचं कामकाज कसं चालतं हे महोत्सववाल्यांनी एकदा बसून बघावं. पहाटे अभिषेक, मग मांडव-डहाळे, हारतुरे, शेरणी, रात्री पालखी आणि छबिना, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या, दुपारी कुस्त्यांचा आखाडा, घाट असेल तर बैलगाडे, रात्री पुन्हा तमाशा. या सगळ्याला इव्हेंट कंपनी लागत नाही. लागते ती वर्गणी. ती न देणाऱ्याचं नाव भोंग्यावर तीनदा पुकारलं की मुंबईच्या भाजी मार्केटातूनसुद्धा पैसे पोचतात. आमच्या गावांचा सगळ्यात मोठा पर्यटक म्हणजे हाच मुंबईकर. वर्षभर भायखळ्याला नाहीतर वाशीला मालाच्या गाड्या मोजतो आणि जत्रेला पांढरा शर्ट घालून गावात आला की दोन दिवस कुणाचं ऐकत नाही.

आणि जत्रा झाली की हिशेब. देवळाच्या भिंतीला मोठा कागद चिकटतो. शेरणीचा गूळ, बँड, तमाशा, पैलवानांचं इनाम, भोंगा, लाइट, फटाके, किरकोळ. भांडण नेहमी 'किरकोळ'वरून होतं. किरकोळ म्हणजे काय, कुणी खाल्लं, कशाला खाल्लं, मागच्या वर्षीपेक्षा एवढं कसं वाढलं. दोन-दोन तास भांडतात, एखाद्या वर्षी कारभारी बदलतात. पण कागद भिंतीवर असतो. ज्याला वाचता येतं तो वाचतो, ज्याला येत नाही त्याला वाचता येणारा मोठ्याने वाचून दाखवतो, कारण त्यात त्याचाही रस असतो.

बैलगाड्यांच्या शर्यतींबद्दल बोलल्याशिवाय आंबेगावातून सुटका नाही. परगावच्या लोकांना वाटतं, गाड्यावर माणूस उभा राहून चाबूक मारतो. तसं नव्हे. आमच्या घाटात गाड्याला चार बैल, दोन जुकाटाला, दोन पुढे कांडाला. हाकणारा कुणी नाही. पुढे घोडी पळते, तिच्यामागे बैल. एकेका गाड्याची धाव म्हणजे बारी. ती खालून सुटते, चढ चढते आणि तुम्ही खिशातून मोबाइल काढेपर्यंत निशाणाच्या पलीकडे गेलेली असते. सगळा हिशेब सेकंदांचा आणि सेकंदाच्या तुकड्यांचा. निवेदकाचं 'भिर्रर्र' मात्र त्यानंतरही मिनिटभर चालू राहतं. पौष पौर्णिमेला नागापूरच्या थापलिंग गडावर खंडोबाची जत्रा भरते, तिथे भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं घाटाच्या दोन्ही अंगांना अशी उभी असतात की पुण्याहून आलेल्या छायाचित्रकारांचे डोळे दिपतात. त्यांच्या गाड्याही पिवळ्या होतात. मग ते धुण्याचं पाणी विचारतात.

या अर्ध्या मिनिटाच्या खेळावर दहा वर्षांची कोर्टबाजी झाली. 2011 साली केंद्राने खेळ-करमणुकीत न वापरायच्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला, वाघ-सिंह-अस्वलांच्या पंगतीला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी पक्की केली. 2017 साली राज्याने कायदा दुरुस्त केला, उच्च न्यायालयाने शर्यती अडवल्या. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायद्यावर शिक्का मारला. परवानगी मिळताच आंबेगावातल्या लांडेवाडीच्या घाटात 1 जानेवारी 2022 ची बारी ठरली. बैल सजले, मंडप उभा राहिला आणि कोरोनाच्या कारणाने ऐनवेळी परवानगी रद्द झाली. दहा वर्षं थांबलेल्या बैलांना आणखी थांबायला काहीच हरकत नव्हती. अडचण झाली ती मंडपातल्या पुढाऱ्यांची.

पुढाऱ्यांचंही चीज झालं म्हणा. खासदार अमोल कोल्हे यांनी बारीपुढे घोडी धरण्याचा शब्द दिला होता. फेब्रुवारी 2022 मध्ये खेडच्या निमगाव दावडीच्या घाटात त्यांनी तो पाळला. छत्रपतींच्या भूमिकेत मालिकेसाठी घोड्यावर बसलेला माणूस, त्याला अवघड काय. पण यामुळे आमची एक अडचण झाली. दिलेला शब्द घोड्यावर बसून पाळता येतो हे लोकांना कळलं. आता पुणे-नाशिक रेल्वेचा शब्द दिलेल्या सर्वांनी कशावर बसायचं?

बक्षिसाला हल्ली दुचाकी, ट्रॅक्टर, चारचाकी असते. बैलाला काय मिळतं? फ्लेक्सवर फोटो. तोही डाव्या कोपऱ्यात, कारण मध्ये साहेब, उजवीकडे साहेबांचे चिरंजीव.

फेब्रुवारीत महोत्सवाचा मुख्य हंगाम. 19 तारखेला शिवनेरीवर शिवजयंती. मुख्यमंत्री येतात, पाळणा जोजवतात, पोलिसांची मानवंदना होते, विकासाच्या घोषणा होतात आणि हेलिकॉप्टर उडतं. गेल्या काही वर्षांत पर्यटन खात्याने त्याला हिंदवी स्वराज्य महोत्सवाची जोड दिली. तंबू आले, साहसी खेळ आले, रंगीत दिवे आले. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात शिवनेरी आहेच. आता दिवे आणखी वाढतील.

जयंती कधी, यावर मात्र अजून एकमत नाही. सरकारची तारखेने, बऱ्याच मंडळांची फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीने. त्याच्याही आधी ती वैशाख शुद्ध द्वितीयेला होत असे, म्हणूनच 1960 साली यशवंतरावांनी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा सोहळा शिवनेरीवरून सुरू केला तो 27 एप्रिलला. आमच्या लॉजवाल्यांचा यातल्या कुठल्याच मताला विरोध नाही. जितक्या जयंत्या तितक्या खोल्या.

2023 च्या सोहळ्यात संभाजीराजे छत्रपतींनी मुख्यमंत्र्यांसमोरच विचारलं, की सामान्य शिवभक्तांना खाली अडवून वर पासवाल्यांचाच सोहळा का? प्रश्न साधा होता. ज्याचा जन्मोत्सव, त्याच्या वंशजाला तो गडावर उभं राहून विचारावा लागला. गडाला सात दरवाजे आहेत, त्यातल्या एकाचं नावच परवानगीचा दरवाजा. तेव्हापासूनची परंपरा आहे, मोडता येत नाही.

पण रात्री पुणे-नाशिक रस्त्यावर उभं राहिलात तर दुसरीच जयंती दिसते. शिवनेरीवर पेटवलेली ज्योत घेऊन पोरं आपापल्या गावी पळत निघालेली असतात. अनवाणी, एकाच्या हातात मशाल, पन्नास पावलांवर दुसरा घेतो, मागे टेम्पोत दमलेले आडवे. टेम्पोला बॅटरीवरचा एक दिवा आणि पाण्याचा जार. त्यांना पास लागत नाही, कारण त्यांना वर खुर्ची नको असते. त्यांना उजाडायच्या आत गाव गाठायचं असतं आणि वाटेत ट्रकच्या चाकाखाली यायचं नसतं. त्यांच्यासाठी त्या एका रात्री रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवायला किती निधी लागेल? लागत नसावा. म्हणूनच होत नसावं.

याच दिवसांत द्राक्ष महोत्सवही असतो. पर्यटक बागेत जातात, जम्बो द्राक्षाचा घड गालाशी धरून फोटो काढतात, ताटभर फुकट खातात आणि निघताना किलोला वीस रुपये कमी करा म्हणतात. बागायतदार हसतो. व्यापारी याहून जास्त पाडून मागतो, त्या मानाने हे लोक सज्जन.

ज्यांना खरोखर खायचं असेल त्यांनी हिवाळ्यात आण्याला जावं. जुन्नरच्या पूर्वेचं हे पठार. कुकडीचे कालवे खालच्या गावांना, यांना आभाळ. तिथे रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला हजारो माणसं आमटी-भाकरी जेवतात. कढया एवढ्या मोठ्या की ढवळणारा माणूस काठावर उभा राहतो. आमटी लाल, झणझणीत, पहिल्या घासाला ठसका आणि दुसऱ्या घासाला घाम. भाकरी घराघरातून येतात, त्यामुळे एका ताटात चार सुगरणींच्या चार जातीच्या भाकरी पडतात. एक पातळ पापुद्र्याची, एक जाड, एक कडेला करपलेली. पाणी मोजून वापरणारं गाव सगळ्या तालुक्याला जेवू घालतं आणि व्यासपीठावरून त्याबद्दल भाषण करत नाही. बारमाही बागायत गावांच्या महोत्सवात मासवडीच्या ताटाला किती पैसे घेतात ते आम्ही सांगत नाही. तुम्ही बिल बघालच.

ओतूरला श्रावणात कपर्दिकेश्वराला कोरड्या तांदळाच्या पिंडी करतात. ना चिकटवायचे, ना शिजवायचे, नुसते कोरडे दाणे रचायचे. सोमवारी त्या बघायला रांग लागते आणि शेजारी आखाड्यात पैलवान एकमेकांना उचलून आपटतात. एकीकडे दाणा हलू द्यायचा नाही, दुसरीकडे पाठ टेकवायची, दोन्ही एकाच देवाच्या अंगणात. यात पर्यटन खात्याला अजून तरी दिवे लावायला जागा सापडलेली नाही.

आणि एक जत्रा खोडदची. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची दारं उघडतात. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या. शाळांची पोरं टेम्पो भरभरून येतात, शास्त्रज्ञांना घेराव घालतात आणि गुरुजींना न सुचलेले प्रश्न विचारतात. इथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण दुर्बिणीला त्याचा त्रास होतो. डीजेचा आवाज दुर्बिणीला ऐकू येत नाही, हे तिचं भाग्य. आला असता तर चैत्र-वैशाखात विश्वाच्या अभ्यासाला दोन महिने सुट्टी द्यावी लागली असती.

मग पावसाळा. उलटा धबधबा बघायला नाणेघाटावर झुंबड उडते. वाऱ्याने पाणी वर उडतं, सोबत टोप्या, छत्र्या आणि वेफर्सची पाकिटं. ज्यांनी पर्यटन तालुका केला त्यांचीच यंत्रणा पावसाळ्यात पर्यटनस्थळांवर जमावबंदी लावते. 2024 च्या जूनअखेर लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एक कुटुंब वाहून गेलं, त्यानंतर जिल्हाभर आदेश निघाले, त्यात जुन्नर आणि आंबेगावही आले. या म्हणायलाही तेच, येऊ नका म्हणायलाही तेच. कठडा बांधण्यापेक्षा कागद काढणं सोपं पडतं.

त्याच नाणेघाटात एक दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा. पलीकडे सातवाहनांचं लेणं आणि त्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले, दक्षिणा काय दिली, हे सगळं त्यात ओळीने कोरलंय. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. आमच्या माहितीत महोत्सवाच्या खर्चाचा भिंतीवर लावलेला हा पहिला कागद. त्यात 'किरकोळ' नाही. बाईने दगडात हिशेब दिला आणि जकात घेतली ती घाट वाहता ठेवून. आता आपण पार्किंगची पावती घेतो, ती पावसात भिजून त्याच संध्याकाळी विरते. आणि महोत्सवाच्या मंडपाला किती गेले, हे वाचायला कुठली भिंत बघायची तेही कुणी सांगावं.

आता शेवटचा मुद्दा, नाजूक आहे. जत्रा असो, महोत्सव असो की बारी, मंडप वेळेवर होतो, कमान वेळेवर होते, खुर्च्यांना पांढरी कापडं वेळेवर चढतात. बायका-पोरी आता बारी बघायला येतात, शिवजयंतीला येतात, पहाटेपर्यंत पालखीत चालतात. त्यांनी जायचं कुठे? जत्रेचे कारभारीही इथे हात वर करतात. त्यांच्या भिंतीवरच्या कागदात 'मुतारी' अशी ओळ आम्हाला कधी दिसली नाही, किरकोळातसुद्धा. पूर्वी उत्तर सोपं होतं. चहूकडे ऊस होता. ऊस अजून आहे, पण त्यात आता बिबट्या राहतो, आणि जुन्नर वनविभागाच्या चार तालुक्यांत ही काही गमतीची गोष्ट उरलेली नाही. माणसं मेली आहेत, लहान पोरं मेली आहेत. म्हणून वनखातं गावोगाव सांगतं, अंधारात एकट्याने बाहेर पडू नका, उसाच्या कडेला बसू नका. कुठे जायचं नाही, ते वनखात्याने सांगून टाकलं. कुठे जायचं, ते सांगणारी पाटी पर्यटन खात्याकडून यायची आहे.